लहान मुलांना घेऊन चित्रं काढायला बसताना: बडोद्यातल्या आईबाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी

दर रविवारी सकाळी साडेआठला आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या ओट्यावर सहा-सात मुलं चित्रं काढायला येतात. सगळ्यात धाकटी अडीच वर्षांची, सगळ्यात मोठा सात वर्षांचा. निम्मी मराठी घरांतली, निम्मी शेजारच्या गुजराती घरांतली. मला कुणी काकू म्हणतं, कुणी मासी. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही. हा ओटा दहा वर्षं चालू आहे. दर थोड्या दिवसांनी एखादी आई नाहीतर आजोबा येऊन विचारतात, "आम्हाला घरीच सुरू करायचंय, पण शिकवायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

या वयात शिकवायचं फार थोडं असतं. सामान द्यायचं, वेळ द्यायचा, शेजारी बसायचं आणि मुलाच्या कागदाला आपण हात लावायचा नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

आधी मूल कुठे आहे ते बघा

दीड-दोन वर्षांचं मूल रेघोट्या ओढतं. त्या वेळी त्याला चित्र काढायचं नसतं. हात हलवला की कागदावर काहीतरी उमटतं, या शोधाचाच त्याला आनंद असतो. सुरुवातीला अख्खा हात खांद्यापासून हलतो, मग कोपरापासून, मग मनगटापासून. तीन वर्षांच्या आसपास रेघ वळून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल तयार होतो. ज्या दिवशी मूल हा बंद गोल पहिल्यांदा काढतं तो दिवस मी तारखेनिशी लिहून ठेवायला सांगते. कारण त्या गोलात पुढे दोन ठिपके पडतात आणि त्याचं तोंड होतं.

मग येतो तो माणूस ज्याच्या डोक्यालाच पाय फुटलेले असतात. पोट नाही, मान नाही, कधी कानातून हात निघालेले. जगभरातली मुलं साधारण तीन ते पाच या वयात असाच माणूस काढतात. बोली वेगळी, घर वेगळं, तरी माणूस तोच. याला चूक समजू नका. पाच-सहा वर्षांचं मूल घर काढतं आणि भिंतीतून आतली आजी, पलंग, गॅसची शेगडी सगळं दिसतं. आत आजी आहे हे त्याला माहीत आहे, मग ती दिसणारच. सहा-सातच्या सुमाराला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळे तिच्यावर उभे राहतात.

हे टप्पे आपोआप येतात. घाई करून पुढचा टप्पा आणता येत नाही, फक्त मधला आनंद हिरावला जातो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, शेजारी झोपडी हे चित्र तुमच्याही वहीत असेल. ते कुठलंच मूल आपण होऊन काढत नाही, कुणीतरी मोठं माणूस त्याला ते शिकवतं. आपल्या बडोद्याची जमीन सपाट. डोंगर बघायचा तर पन्नासेक किलोमीटरवर पावागड. इथल्या मुलाने पाहिलेलं काही काढायचं तर सूरसागरमधला उभा शंकर आहे, मंगळ बाजारची गर्दी आहे, रस्त्यात बसलेली गाय आहे. तो डोंगर शिकवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

सामान

सुरुवातीला खर्च जवळजवळ नाही. पाहिजे ते असं: जाडे मेणाचे खडू, एक काळा आणि तीन-चार रंगीत. अखंड खडूपेक्षा तुकडे बरे. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांच्या चिमटीत धरावा लागतो, आणि तीच पुढे पेन्सिल धरायची तयारी. म्हणून खडू मोडला म्हणून रागावू नका.

कागद मोठा हवा. वहीच्या पानावर खांद्यापासून हलणारा हात मावत नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू, लग्नपत्रिकांची पाठ, छापखान्यात कापून उरलेल्या पट्ट्या. कुठल्याही छापखान्यात जाऊन मुलांसाठी म्हणून मागितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. तो सरकत राहिला तर मूल चिडतं आणि आपल्याला वाटतं त्याला चित्रात रस नाही.

पोस्टर रंग घेतलेत तर लाल, पिवळा, निळा आणि पांढरा, एवढेच. बारा रंगांच्या डबीत मुलाला हिरवा तयारच मिळतो. तीन रंगांत त्याला तो सापडतो. ब्रश चपटा, अर्ध्या इंचाचा, आखूड दांड्याचा. रंग बरणीच्या झाकणांत थोडाथोडा काढा. बाबांचा जुना शर्ट उलटा घालून मागे बटणं लावली की ॲप्रन झाला.

घरातले रंगही वापरा. हळद पाण्यात कालवून, बीट किसून पिळून, गेरू भिजवून. फक्त काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. पांढरा रंग म्हणून चुना देऊ नका, तो त्वचेला आणि डोळ्यांना भाजतो. त्याऐवजी फळ्याचा खडू कुटून घ्या. बाजारातली रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती उडते, नाकाडोळ्यांत जाते. पाचच्या आतल्या मुलांना तांदळाचं पीठच द्या. होळीचा उरलेला गुलाल नको. तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे मणी, टिकल्या, राजमा, काबुली चणे ठेवू नका. ते तोंडात, नाकात जातात.

खोडरबर आणि पट्टी कपाटात राहू द्या. रंगवायच्या तयार पुस्तकांविषयी माझं मत सरळ आहे: प्रवासात, दवाखान्यात थांबताना ठीक. चित्र काढायच्या वेळी नको. दुसऱ्याने आखलेल्या रेघेच्या आत राहण्यात मुलाची सगळी ताकद जाते आणि स्वतःची रेघ ओढायचं राहून जातं.

जागा आणि वेळ

रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे, पण वार ठरलेला हवा. पोट भरलेलं, झोप झालेली, टीव्ही बंद. तीन वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं बसलं तरी खूप झालं. उठलं तर उठू द्या.

वैशाखात रंग ब्रशवरच सुकतात, तेव्हा मी रंग काढतच नाही. एक बादली पाणी, दोन-तीन जुने रंगकामाचे ब्रश आणि कोटा स्टोनची लादी. ओल्या ब्रशने काढलेली रेघ काळीभोर उमटते आणि बघता बघता विरून जाते. मुलं अर्धा अर्धा तास रमतात. इथे काही बिघडत नाही, काही जपायचं नाही. बुजऱ्या मुलाची सुरुवात मी नेहमी पाण्यानेच करते.

आपण काय बोलायचं

ओटा सुरू केला त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. चार वर्षांची एक मुलगी हत्ती काढत होती. एक मोठा गोल, त्याला सहा पाय, आणि सोंड पाठीवर. मला तिचं कौतुकच वाटत होतं, पण बालवाडीची सवय. मी म्हटलं, "थांब, दाखवते," आणि तिचाच खडू घेऊन तिच्या हत्तीशेजारी माझा हत्ती काढला. चार पाय, पुढे सोंड. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने कोरा कागद माझ्यापुढे धरला. "काकू, तुम्ही काढून द्या." त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. तिला पुन्हा स्वतःहून रेघ ओढायला दोन महिने लागले, आणि ते सहा पायांचे हत्ती पुन्हा आले नाहीत. त्या दिवसापासून मुलाच्या कागदाला मी बोटही लावत नाही.

मग मूल "मला येत नाही, तू काढून दे" म्हणालं तर? उगाच "येतं रे तुला" म्हणून टाळू नका, त्याला खरंच अडलेलं असतं. त्या वस्तूकडे चला. "हत्तीसारखा चालून दाखव बरं. पाय कसे पडतात, दणदण की हळू? सोंड केवढी, तुझ्या हाताएवढी की त्याहून लांब?" मूल चालतं, हात लांब करतं आणि बहुतेक वेळा परत येऊन रेघ ओढतं. नाही ओढली तर हवेत बोटाने काढू द्या. तुम्हाला स्वतःला काढायची हौस असेल तर जरूर काढा, वेगळ्या कागदावर. पण हत्ती नको. तुम्ही तुमची चहाची कपबशी काढा. मोठं माणूस खोडून खोडून, अडखळत काढतंय हे मुलाने बघणं फार चांगलं.

"हे काय काढलंस?" हा प्रश्न आपल्या तोंडी लगेच येतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाने काहीच काढलेलं नसतं, मग ते आपल्याला बरं वाटावं म्हणून "भू भू" म्हणतं. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला. "इथे फार जोरात दाबलंस, कागद चकचकीत झालाय." "ही रेघ कुठून निघाली, पार त्या टोकाला गेली!" "लाल सगळा एका बाजूला जमलाय." मुलाला सांगायचं असेल तर ते आपण होऊन गोष्ट सांगतं, आणि ती ऐकण्यासारखी असते. "छान छान" वाईट नाही, पण प्रत्येक कागदाला छान म्हटलं की मूल कागदाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आधी समजावून ठेवा. "अगो, माणसाला मान नाही होय?" असं आजी प्रेमानेच म्हणते. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना मी वेगळं काम दिलं आहे: मूल चित्राबद्दल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागे लिहायचं. आता त्या सुचवायच्या थांबल्या आणि ऐकू लागल्या. आणि भावंडांची तुलना कधीच नको, कौतुकाच्या निमित्तानेसुद्धा.

पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी फक्त काळा खडू आणि मोठा कागद. "हळू चालणारी रेघ काढूया. आता पळणारी. आता उड्या मारणारी." बस्स. विषय देऊ नका.

दुसऱ्या रविवारी बाहेर पडा. बडोद्याचं जुनं नाव वटपद्र, वडावरूनच आलेलं. कमाटी बागेत जा, नाहीतर घराजवळ जो वड असेल तिथे. खाली पडलेली पानं मुलांनाच निवडू द्या. फार कोरडी चुरतात, थोडी लवचीक असलेली घ्या. घरी आल्यावर पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद, आणि खडूचा कागद सोलून तो आडवा धरून घासायचा. आधी काही दिसत नाही, मग मधली शीर उमटते, मग बाजूच्या. हा क्षण मुलांच्या चेहऱ्यावर बघावा. लहानांचा कागद हलतो, तेव्हा पान मागून जरा चिकटपट्टीने धरून ठेवा. इथे तुमच्या हाताची मदत चालते, कारण ती कागद धरायची आहे, रेघ ओढायची नाही. पुढे मग मुलं स्वतःच शोधत फिरतात: नाणं, चाळणी, पाट्याचे टाके, दारावरचं कोरीव काम.

तिसऱ्या रविवारी पिवळा आणि निळा. दोनच. मध्ये पांढरी ताटली. मिसळा असं सांगायची गरज पडत नाही.

चौथ्या रविवारी माती. शाडू मिळाला तर उत्तम, नाहीतर मीठ आणि चार थेंब तेल घालून घट्ट मळलेली कणीक. शाडू आदल्या रात्री भिजवून सकाळी मळा; बोटांना चिकटणार नाही आणि वळताना चिरणार नाही इतपत. पहिली वीस मिनिटं मुलं नुसती थापटतात, टोचतात, लांब वळकट्या करतात. करू द्या. काही वेळाने वळकटीचा साप होतो, गोळ्याचा लाडू होतो, आणि मग एखादा बैल उभा राहतो. जे मूल कागदावर दबून असतं ते मातीत मोकळं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पुढचं वर्ष सण पुरवतात

चार रविवारांनंतर पुढे काय, याची काळजी नको. चैत्र आला की चैत्रांगण काढा. बडोद्याच्या मराठी घरांतून ते आता कमी दिसतं, आणि मुलांसाठी त्याहून सुंदर काही मला माहीत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौरीसाठी अंगणात काढायची ही रांगोळी म्हणजे एक अख्खं जग आहे: झोपाळ्यात बसलेली गौर, सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गोपद्मं, कासव, नाग, हत्ती, मोर, पाळणा, फणी, करंडा. प्रत्येक चिन्ह दोन-चार रेघांचं. म्हणजे लहान मुलाच्या हातात मावणारं. आजी एका कोपऱ्यात आपलं चैत्रांगण काढतात, शेजारी मुलं त्यांचं. मुलांच्या अंगणात मग स्कूटरही येते, कुत्रा येतो, कुल्फी येते. गौरीला कुल्फी चालते, असं आमच्या त्या आजींनीच ठरवून दिलं आहे.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारी उजाडायच्या आत, गच्चीवरचे फाटके पतंग गोळा करून ठेवा. मांजा आधी तुम्ही स्वतः पूर्ण काढून टाका, काचेच्या मांज्याला मुलाचा हात लागू देऊ नका. कामट्या वेगळ्या, कागद वेगळा. कात्री न देता हाताने फाडू द्या आणि पातळ केलेल्या गोंदाने एकावर एक चिकटवू द्या. तो कागद झिरमिरीत असतो, त्यामुळे पिवळ्यावर निळा आला की हिरवा दिसतो. तिसऱ्या रविवारी ताटलीत सापडलेला हिरवा इथे पुन्हा भेटतो.

भाद्रपदात शाडूचा गणपती, मुलाने केलेला, कसाही असो, पूजेच्या मूर्तीशेजारी पाटावर ठेवा. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी सहाच्या पुढच्या मुलांसाठी ठेवा. त्याआधी ठिपके मोजून जोडणं म्हणजे नुसता त्रास.

बघायला न्या, पण थोडंच

या बाबतीत आपलं शहर फार श्रीमंत आहे. कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचा. तिथूनच सुरुवात करा. मुलं त्या सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालतात. घरी आल्यावर ओट्याच्या लांबीचा कागद अंथरा आणि मासा काढू द्या. चित्रांच्या दालनात त्या दिवशी जाऊ नका.

राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. ती इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेली, हे मुलांना सांगितलं की त्यांना ती आपलीशी वाटते. तिथे एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर खाली बसा. कथा लगेच सांगू नका. "हिचा हात काय करतोय? हवा कुठून येतेय, कशावरून?" मग सगळ्यांनी त्या चित्रातल्यासारखं बसून दाखवायचं. वीस मिनिटांत बाहेर.

आमच्या घरापासून जवळ तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकातले बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या: कृष्णाच्या लीला, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या लढाया, फुलं, पक्षी. मुलांना हा सगळ्यात आवडतो, कारण इथे चित्र चौकटीत बसलेलं नाही, ते घरभर पसरलं आहे. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात शांतिनिकेतनातून येऊन भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध. दोन्ही ठिकाणी उघडं कधी असतं ते आधी चौकशी करूनच निघा. मुलांना नेऊन बंद दार दाखवलं की पुढच्या वेळी ती येत नाहीत.

छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या घरांत भिंतीवर पिठोरा काढतात, त्यातले घोडे मुलांना फोटोत दाखवायला हरकत नाही. पण ती नवसाची पूजा आहे, तेवढं सांगा. "चला, आपणही पिठोरा काढू" असं म्हणू नका. "तू पाहिलेला घोडा कसा होता?" असं विचारा, लग्नाच्या वरातीतला घोडा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

के. जी. सुब्रमण्यन आपल्या फाइन आर्ट्सच्या विद्याशाखेत शिकवत. इतके मोठे चित्रकार, पण तिथल्या मेळ्यासाठी स्वतः खेळणी करत, लाकूड, चामडं, मणी जोडून. मुलांनी खोक्यांची, बुचांची, कामट्यांची गाडी केली आणि घरात पसारा झाला की मला त्यांची आठवण होते, आणि मी पसारा आणखी तासभर राहू देते.

कागदांचं काय करायचं

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वय आणि मुलाने जे सांगितलं ते. पुढच्या बाजूला काही लिहू नका, नावसुद्धा मुलाला हवं तिथे त्यालाच लिहू द्या, उलटं आलं तरी. महिन्याचे सगळे कागद एका दोरीला चिमट्यांनी लावा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आपल्या उंचीवर लावलं की ते पाहुण्यांसाठी होतं. महिनाअखेर मुलाला विचारून तीन-चार ठेवा, बाकीचे पाकीट करायला, पुड्या बांधायला त्याच्यासमोरच वापरा. लपवून रद्दीत टाकू नका, मुलांना कळतं.

ठेवलेले कागद साडीच्या खोक्यात सपाट ठेवा, गुंडाळी नको. पावसाळ्यात मेणखडूची चित्रं एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक दोन चित्रांमध्ये वर्तमानपत्राचं एक पान घाला.